गालफुगी, कबड्डी आणि बाराव्या दिवशीची स्पर्धा

सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण कॉलेजात नव्यानेच रुजू झालेल्या शारीरिक शिक्षण संचालक मॅडमनी विचारलं आहे: मुलांच्या वसतिगृहात गालगुंडाचे नऊ रुग्ण झालेत. सांगली विभागाची आंतरमहाविद्यालयीन पुरुष कबड्डी बारा दिवसांनी आमच्याकडेच आहे. प्राचार्य म्हणतात सरळ रद्द करा. मुलं म्हणतात, गालफुगी हा काय आजार आहे का? संघातल्या बाराजणांपैकी पाच त्याच वसतिगृहात राहतात. काय करावं?

मॅडम, आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. स्पर्धा रद्द करू नका. पण तुमच्या कॉलेजात घेऊही नका. आणि पुढं तर अजिबात ढकलू नका, ते सगळ्यात वाईट. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला आजच पत्र द्या आणि यजमानपद विभागातल्या दुसऱ्या कॉलेजकडे सोपवा. तुमचा संघ जाऊ दे, पण त्या पाचजणांपैकी कोण जाणार हे त्यांच्या आयांना फोन करून ठरवा. आयांनाच का, ते खाली येतंय.

मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं जिमखाना सांभाळला, त्यात स्वाइन फ्लू, डेंगी, कावीळ, डोळे येणं, कांजिण्या आणि शेवटी कोरोना, असं सगळं मैदानावर बघितलं. कोणाला काय औषध द्यायचं ते तालुका आरोग्य अधिकारी सांगतील. त्यांना हे नऊ रुग्ण कळवलेत का? कळवले नसतील तर हे उत्तर इथंच थांबवून आधी तो फोन करा. ‘कॉलेजची बदनामी होईल’ असं कार्यालयातून कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे.

प्राचार्य आणि मुलं भांडतायत ते ‘साथ’ या एका शब्दावर. साथ कसली, हे कुणी विचारत नाही. काविळीची असेल तर मैदान बंद करून काय उपयोग? ती पाण्यातून येते, मेसच्या पिंपातून येते. आपल्या शेजारी इचलकरंजीत २०१२ साली काविळीची केवढी मोठी साथ आली होती, ती काय कुणी खेळल्यामुळं नव्हे. तिथं मेस बंद करायची, पाणी उकळायचं, स्पर्धा असेल तर जेवण-पाणी बाहेरून आणायचं. डेंगी असेल तर सामन्याचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही, पण व्यायामासाठी आणून टाकलेले ट्रॅक्टरचे टायर मात्र आधी पालथे करा. पावसाळ्यात त्यांच्यात जेवढं पाणी साचतं तेवढं डासाला पिढ्यान्पिढ्या पुरतं. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले तेव्हा मी एवढंच केलं, टॉवेल ज्याचा त्याचा आणि डोळा लाल असलेला पोरगा घरी. गोवर असेल तर मात्र चर्चाच नको, थेट रद्द. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही गोवराचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून तो पसरतो. तिथं आपली हुशारी चालत नाही.

आणि एक गंमत बघा. साथ आली की पहिली कुऱ्हाड कबड्डी-कुस्तीवर पडते, बुद्धिबळाला कुणी हात लावत नाही, कारण त्यात अंगाला अंग लागत नाही. पण खिडक्या लावलेल्या हॉलमध्ये समोरासमोर तीन-चार तास बसलेले साठ खेळाडू, आणि उघड्या मैदानावर पाठीवर थाप मारून पळणारे खो-खोचे खेळाडू, यांत फ्लूला कोण जास्त आवडेल? मला विचाराल तर फ्लूच्या दिवसांत खो-खो घ्यावी आणि बुद्धिबळ पुढं ढकलावं. प्राचार्यांना हे सांगून बघा. माझ्या प्राचार्यांना पटलं नव्हतं.

आता तुमच्या गालफुगीकडे येतो.

ती थुंकीतून, खोकल्या-शिंकेच्या थेंबातून आणि उष्ट्यातून पसरते. कबड्डी हा खेळ असा आहे की चढाई करणारा तोंडानं सलग ‘कबड्डी कबड्डी’ म्हणतो, तेही समोरच्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर, धापा टाकत. पकड झाली की चौघं-पाचजण एकमेकांच्या अंगावर. म्हणजे तुमच्या बाबतीत प्राचार्यांची भीती खोटी नाही, फक्त उपाय चुकलाय. शिवाय सामन्याची चाळीस मिनिटं हा त्यातला लहान भाग. मोठा भाग म्हणजे वडापच्या गाडीत कोंबून बसलेली चौदा पोरं, वर्गखोलीत सतरंजीवर ओळीनं झोपलेले मुक्कामी संघ, पाण्याच्या पिंपावर साखळीनं बांधलेला एकच स्टीलचा ग्लास, आणि मध्यंतरात एकाच हातातून फिरणारी ग्लुकोजची पुडी. पंच शिट्टी वाजवायच्या कितीतरी आधी आजार वाटून झालेला असतो.

मुलं म्हणतात हा काय आजार आहे का. त्यांना एकत्र बसवून स्पष्ट सांगा. तुम्हाला अवघड वाटत असेल तर एखाद्या पुरुष डॉक्टरला बोलवा, पण सांगा. लहानपणी गालफुगी झाली तर बहुतेक वेळा गाल सुजून उतरतो. वयात आल्यावर झाली तर लस न घेतलेल्या मुलांमध्ये दर तीन-चारांत एकाला वृषणाला सूज येते. त्यातून वंध्यत्व क्वचितच येतं, तेही सांगा, उगाच घाबरवू नका. पण आठवडाभर नीट चालता येत नाही. क्वचित कोणाचं ऐकू येणं जातं, कोणाला मेंदूच्या आवरणाला सूज येते. मी हे एकदा सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतली हसणारी पोरं गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या हातात स्वतःची बाटली होती.

लशीचा घोळ समजून घ्या. मुलं सांगतील, ‘मॅडम, आम्ही शाळेत असताना लस घेतलीय.’ घेतलीच असणार. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या सगळ्यांना शाळाशाळांत लस टोचली, आज तुमच्यासमोर बसलेली पोरं त्यातलीच. पण ती गोवर आणि रुबेलाची होती. गालगुंडाची लस त्यात नव्हती, सरकारच्या नेहमीच्या लसीकरणातही नाही. ती एमएमआर म्हणून, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला अशा तिन्हींची एकत्र लस म्हणून, खासगी दवाखान्यात पैसे देऊन घ्यावी लागते. शहरातल्या, बालरोगतज्ज्ञाकडे जाणाऱ्या घरांतल्या मुलांनी घेतलेली असते, जत-आटपाडीकडून आलेल्या मुलाच्या घरी बहुधा नावही माहीत नसतं. म्हणून आयांना फोन. दोनच प्रश्न विचारायचे. याला लहानपणी गालफुगी झाली होती का? दोन्ही गालांना लेप लावला होता का, असं विचारलंत तर पटकन आठवतं. आणि डॉक्टरांकडे पैसे देऊन एमएमआर टोचली होती का, कार्ड आहे का? पोराला स्वतःला यातलं काही आठवत नाही, बापाला तर नाहीच नाही.

एकदा झालेली गालफुगी सहसा पुन्हा होत नाही. तेव्हा ज्याला होऊन गेली आहे किंवा ज्याचे दोन डोस कार्डावर आहेत, तो वसतिगृहात राहत असला तरी डॉक्टरांचा होकार घेऊन खेळू दे. बाकीच्यांना थांबवा. आज लस टोचून बाराव्या दिवशी उतरवू, असं कुणी सुचवेल. अंगात शिरलेला विषाणू या लशीनं थांबत नाही. पण पुढच्या फेरीसाठी ती उपयोगाची आहे, दोन डोसांमध्ये चार आठवडे लागतात, तेव्हा वसतिगृहासाठी तेही डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

आता पुढं का ढकलू नये ते. गालगुंडाचा विषाणू अंगात शिरल्यापासून गाल सुजेपर्यंत साधारण सोळा ते अठरा दिवस जातात, कमीत कमी बारा, जास्तीत जास्त पंचवीस. सूज दिसायच्या दोन दिवस आधीपासून, आणि दिसल्यावर पाच दिवस, तो माणूस दुसऱ्याला देतो. काहीजण तर गाल न सुजताच देत फिरतात. म्हणजे तुमच्या नऊजणांनी ज्यांना दिलाय ते आज धडधाकट दिसतायत, आणि त्यांचे गाल येत्या दोन-तीन आठवड्यांत वर येतील. बाराव्या दिवसाची स्पर्धा विसाव्या दिवशी नेलीत तर ती नेमकी दुसऱ्या लाटेच्या तोंडावर नेलीत. साथ संपली असं म्हणायला शेवटच्या रुग्णापासून पन्नास दिवस स्वच्छ जावे लागतात, पंचविसाची दुप्पट. तोवर आंतरविभागीय स्पर्धा होऊन विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला रवाना झालेला असेल. तेव्हा भिंतीवर एक कॅलेंडर लावा आणि त्यावर एकच गोष्ट लिहा, शेवटच्या रुग्णाचा गाल कोणत्या तारखेला सुजला. सगळा हिशोब त्या तारखेपासून.

मग रद्दच का करू नये? याचं उत्तर मला २००९ नं शिकवलं. त्या ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू झाला आणि सगळीकडे घबराट पसरली. आम्हीही जिमखान्याला कुलूप लावलं, मैदानावर पाटी टांगली. महिनाअखेरीस गणपती बसले. एका रात्री मी मिरजेकडून येत होतो, वाटेतल्या एका गावात हॅलोजन लावून मंडळाची रोख बक्षिसाची कबड्डी चालली होती. थांबून बघितलं तर माझे सहा खेळाडू तीन वेगवेगळ्या संघांतून खेळत होते. चारशे-पाचशे माणसं चिकटून बसलेली, पोरं घामाघूम. एक तर नाक पुसत चढाईला जात होता. त्याला बाहेर काढायला तिथं कोण होतं? मी कुलूप लावून खेळ बंद केला नव्हता, मी फक्त माझी नजर बंद केली होती. मला बघून एकानं तोंडावर रुमाल धरला. आजारामुळं नव्हे, ओळखू येऊ नये म्हणून.

म्हणून म्हणतो, यजमानपद सोडा, खेळ सोडू नका. तुमच्या देखरेखीखाली रोज सकाळी हजेरीला पोरं येतायत, तुम्ही प्रत्येकाच्या गालाकडं बघताय, गिळताना दुखतंय का विचारताय, ही तुमच्या तालुक्यातली सगळ्यात स्वस्त तपासणी आहे.

२०२० साली अमेरिकेत कॉलेजच्या खेळांवरून हाच वाद फार मोठ्या आवाजात झाला. १० मार्चला आयव्ही लीग या विद्यापीठांच्या गटानं बास्केटबॉलची आपली स्पर्धा रद्द केली तेव्हा खेळाडूंनी परत घ्या म्हणून अर्ज केले. दोनच दिवसांनी राष्ट्रीय स्पर्धाही रद्द झाली. ऑगस्टमध्ये बिग टेन या विद्यापीठांच्या मोठ्या गटानं अमेरिकन फुटबॉल पुढं ढकलला आणि सप्टेंबरमध्ये निर्णय फिरवला. त्यांच्या फुटबॉलवर टीव्हीचा अफाट पैसा लागलेला असतो, त्यामुळं कोण आरोग्यासाठी बोलतंय आणि कोण पैशासाठी, ते शेवटपर्यंत कळेना. आपल्याकडे त्या मार्चमध्ये वाद घालायला वेळच मिळाला नाही. २३ तारखेला इस्लामपुरात एकाच घरातले चौघे पॉझिटिव्ह निघाले आणि विषय संपला. तो आजार नवा होता, कुणालाच काही माहीत नव्हतं, तेव्हा सगळं बंद हेच बरोबर होतं. गालफुगीचं तसं नाही. तिचा सगळा हिशोब माहीत आहे, मग माहीत असलेल्यासारखं वागावं.

आपल्याकडे टीव्हीचा पैसा नाही, पण प्रमाणपत्र आहे. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरती आहे, आणि शेवटच्या वर्षाच्या पोराला पुढची संधी नाही. हे विसरून केलेलं कोणतंही नियोजन फसतं, कारण पोरगं ताप लपवतं. हे मी सगळ्यात शेवटी शिकलो आणि सगळ्यात महाग शिकलो.

डेंगीचं वर्ष होतं. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मी संघासमोर मोठ्या तोऱ्यात म्हणालो, ‘ज्याला ताप आहे त्यानं घरी बसायचं. बदली तयार आहे.’ मला वाटलं मी काळजी घेतोय. पोरांनी ऐकलं ते फक्त ‘बदली’. माझा उजवा कोपरारक्षक दोन दिवस तापात होता. गावातल्या दवाखान्यात सुई मारून घेतली, वर अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या आणि सकाळी माझ्यासमोर उभा राहिला. दुसऱ्या सामन्यात मध्यंतरानंतर खाली बसला तो उठलाच नाही. हिरड्यांतून रक्त येत होतं. डेंगीत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन असल्या गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढतो, हे मला त्या रात्री मिरजेच्या दवाखान्यात कळलं. क्रीडाशिक्षकाच्या पेटीत डायक्लोफेनॅकची पट्टी कायम असते, माझ्याही होती. पोरगं वाचलं. पहाटे त्याचा बाप आला, डोक्याची टोपी हातात घेऊन बाकावर बसला आणि एवढंच म्हणाला, ‘सर, त्येनं सांगितलं न्हाई ते चुकलंच. पर तुमी तरी इचारायचं हुतं.’

तेव्हापासून वाक्य बदललं. ताप सांगणाऱ्याची जागा जात नाही, लपवणाऱ्याची जाते. आणि हे नुसतं बोलून चालत नाही, कागदावर द्यावं लागतं. तुम्ही ज्यांना थांबवाल त्यांच्यासाठी प्राचार्यांच्या सहीनं विद्यापीठाला पत्र द्या, की हे खेळाडू आरोग्याच्या कारणानं कॉलेजनं थांबवले आहेत, विद्यापीठ संघाच्या निवड चाचणीला यांचा विचार व्हावा. विद्यापीठ मान्य करेल याची खात्री मी देऊ शकत नाही. पण त्या पत्राची प्रत पोराच्या हातात द्या. शेवटच्या वर्षाचा जो असेल त्याला ती आधी द्या, आणि त्याच्याशी स्वतः बोला. मॉनिटरकरवी निरोप पाठवू नका.

नव्या यजमान कॉलेजला लपवून काही पाठवू नका. तुमच्याकडे साथ आहे हे त्यांना आणि विभागातल्या सगळ्या क्रीडा संचालकांना तुमच्याकडूनच कळू दे. काही संघ म्हणतील तुमच्याशी खेळणार नाही. तेव्हा डॉक्टरांचं पत्र दाखवायचं, आणि तरी नाहीच म्हणाले तर भांडायचं नाही. त्यांच्याही वसतिगृहात पोरं आहेत. तिथं मुक्कामाची सोय टाळता आली तर टाळा. आपला जिल्हा एवढाही मोठा नाही, सकाळी येऊन संध्याकाळी परत जाता येतं. वडाप नको, कॉलेजची बस मिळते का बघा, खिडक्या उघड्या. पाणी ज्याचं त्याच्या बाटलीत. गुडघ्याची पट्टी, टॉवेल, जर्सी उसनी द्यायची-घ्यायची नाही. दोन सामन्यांच्या मध्ये मॅट जंतुनाशकानं पुसून वाळू द्या. ओल्या मॅटवर पाय घसरून जो लिगामेंट जाईल त्याचा दोष मग गालफुगीला देता येणार नाही.

मॅटवरून आठवलं. पुढं-मागं तुमच्याकडे कुस्तीही येईल. आपल्या तालमीच्या हौदात हळद, ताक, लिंबू, तेल घालतात, सांगलीला हळदीची काय कमी, आणि त्यामुळं त्वचेचे आजार होत नाहीत असं वस्ताद मंडळी छातीठोक सांगतात. मी त्याच हौदातली पोरं गजकर्णानं खाजवताना बघितलीत. अमेरिकेत १९८९ साली मिनेसोटातल्या एका कुस्ती शिबिरात १७५ मल्लांपैकी ६० जणांना नागिणीच्या जातीतल्या विषाणूचे फोड आले होते. कुस्तीत ताप नाही, कातडी बघायची. वजन करताना पोरगा उघडा असतोच, तेव्हाच बघून घ्यावी.

आजारातून उठलेल्यांचं शेवटचं. तुमचे ते नऊजण पाच दिवसांनी दुसऱ्याला देणार नाहीत, पण म्हणून सहाव्या दिवशी चढाईला पाठवू नका. ताप गोळीशिवाय उतरलेला हवा, खाली सूज-दुखणं नको, आणि विश्रांतीत नाडी नेहमीसारखी हवी. विषाणूचा ताप कधीकधी हृदयाच्या स्नायूपर्यंत जातो. कोरोनानंतर बिग टेनमधल्या १५९७ खेळाडूंच्या तपासणीत ३७ जणांच्या हृदयाला सूज सापडली, आणि त्यातल्या बहुतेकांना काही जाणवतही नव्हतं. गालफुगीत असं क्वचित होतं, तरी पोरगं छातीत दुखतंय, धडधडतंय, जिना चढताना दम लागतोय म्हणालं तर ईसीजी काढल्याशिवाय मैदानात घेऊ नका. बाकीच्यांना पहिले दोन दिवस चालणं, मग हलकं पळणं, मग सराव, आणि पकडीचा सराव सगळ्यात शेवटी.

पत्र आज दुपारपर्यंत गेलं पाहिजे, नव्या यजमानाला तयारीला निदान आठवडा लागेल. मंडपवाल्याला आणि जेवणाच्या ठेक्याच्या माणसाला मात्र पत्र जायच्या आधी फोन करा. उचल दिली असेल तर ती परत मागू नका, त्यालाच नव्या यजमान कॉलेजचा नंबर द्या. मी एकदा मागितली होती, पुढच्या वर्षी त्यानं माझ्या पंचांना सांबार इतकं तिखट वाढलं की अंतिम सामना पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला.